पहिला थेंब

बारावीच्या टायट्रेशनचा व्हिडिओ करायचा म्हणून एक रविवार प्रयोगशाळेत काढला. ब्युरेटमागे पांढरा कार्डपेपर, मोबाइल दुसऱ्या स्टँडच्या क्लॅम्पमध्ये आवळलेला, पंखा बंद. पंख्याची घरघर माझ्या आवाजापेक्षा चांगली रेकॉर्ड होते. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल. आधी घरी व्हिडिओ बघायचा, मग वर्गात हात चालवायचे, अशी योजना.

पद्धत माझी नव्हे. कोलोरॅडोतल्या वुडलँड पार्कच्या शाळेतले जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हेही रसायनशास्त्राचेच मास्तर. २००७ मध्ये त्यांनी बुडालेल्या तासांसाठी व्हिडिओ करायला घेतले आणि पुढे शिकवणं घरी, गृहपाठ वर्गात, अशी उलटापालट केली.

माझा व्हिडिओ देखणा झाला. परमँगनेट गडद असतं, म्हणून रीडिंग वरच्या कडेवर घ्यायचं. तेही जवळून दाखवलं. एडिटिंगला बसले तेव्हा एक तुकडा फारच रेंगाळलेला वाटला. पहिला थेंब पडतो, द्रावण गुलाबी होतं आणि बराच वेळ तसंच राहतं. तो मी कापला.

मंगळवारी पहिल्याच टेबलावरून हाक आली, "मॅडम, एन्ड पॉइंट आला! ०.१ मिली." तक्त्यात तिन्ही रीडिंग ०.१, काटेकोर जुळलेली. शेजारच्या टेबलाने उलट केलं. रंग लगेच जात नाही म्हटल्यावर त्यांनी धारच सोडली, आणि चंबूत पातळ चहासारखं तपकिरी काहीतरी झालं.

चूक मुलांची नव्हतीच. द्रावण ६०-७० अंशांपर्यंत तापवलं तरी पहिल्या थेंबाचा रंग सावकाशच जातो. त्या अभिक्रियेतून जे मँगनीजचे आयन तयार होतात, तेच पुढच्या थेंबांना उत्प्रेरक ठरतात. म्हणजे त्या कंटाळवाण्या अर्ध्या मिनिटात सगळं रसायनशास्त्र होतं आणि मी नेमकं तेच कात्रीत घातलं होतं. फळ्यासमोर असं होत नाही. तिथे मीही मुलांबरोबर चंबू हलवत ताटकळते.

पुन्हा चित्रण केलं. आता पहिला थेंब अखंड ठेवला, वर निवेदन नाही, फक्त एकदा "हलवत राहा". मुलं दुप्पट वेगाने बघतात हे ठाऊक होतं, म्हणून चंबूशेजारी स्टॉपवॉच ठेवलं. दुसऱ्या थेंबाचा रंग चटकन गेला तिथे विचारलं, "असं का?" आणि व्हिडिओ संपवला. उत्तर मुद्दाम दिलं नाही. उत्तरही घरीच मिळालं तर वर्गात येऊन करायचं काय?

रात्री साडेदहाला वॉट्सअ‍ॅपवर एकाचा मेसेज आला: "मॅडम, व्हिडिओ अडकलाय. घड्याळ मात्र चालू आहे."