दिवसा काय करता?

मी इंदूरला एका सहकारी बँकेत कर्जविभागात बसतो. वय ३८. शनिवारी रात्री मुलं झोपली की ‘एज ऑफ एम्पायर्स २’ लावतो. १९९९ साली आलेला हा खेळ मी शाळेत असताना सायबर कॅफेत शिकलो. आई अजून विचारते, "खेळून पोट भरतं का रे?"

नाही भरत. आमच्या पाचजणांत कुणाचंच नाही. ग्वाल्हेरचा दातांचा डॉक्टर आहे, वडोदऱ्याच्या ताई शाळेत गणित शिकवतात, बेळगावच्या भाऊंचं औषधांचं दुकान आहे. पाचवा हैदराबादचा. आठ वर्षं एकत्र खेळून त्याचा किल्ला कुठे उभा राहणार हे आम्हाला पाठ होतं. पोटासाठी तो काय करतो, हे कधी विचारलंच नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात तो भरदुपारी ऑनलाइन दिसू लागला. आम्ही चेष्टा केली, "मजा आहे बुवा तुझी!" शेवटी ताईंनी फोन केला. नोकरी जाऊन तीन महिने झाले होते. बायकोलाही सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचा आणि मित्राच्या रिकाम्या खोलीवर जाऊन बसायचा.

त्या रात्री त्याने घरी सांगितलं. नोकरी काही आम्ही मिळवून दिली नाही. त्याची त्यानेच शोधली, थोड्या कमी पगाराची.

आता खेळाआधी दहा मिनिटं आम्ही एकमेकांना विचारतो, "आठवडा कसा गेला?" तुमच्याही गटात कुणी अवेळी ऑनलाइन दिसलं, तर चेष्टेआधी एक फोन करा.