उचंत खात्यात न टाकलेली चूक

हिशेबात न जुळणारी रक्कम आढळली की दोन मार्ग समोर असतात. एक सोपा : फरक उचंत खात्यात टाकून त्या दिवसाचा मेळ बसवायचा. दुसरा कष्टाचा : तो फरक आला कोठून, हे मुळापर्यंत शोधीत जायचे. विज्ञानाच्या इतिहासात हा दुसरा मार्ग आयुष्यभर चालणारा एक मनुष्य होऊन गेला. त्याचे नाव क्लेअर कॅमेरॉन पॅटरसन. पृथ्वीचे वय शोधण्यास तो निघाला आणि वाटेत भेटलेल्या एका चुकीचा माग काढता काढता कोट्यवधी मुलांच्या आरोग्याचा राखणदार ठरला.

पॅटरसन यांचा जन्म १९२२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात झाला. शिक्षण रसायनशास्त्राचे, परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँब प्रकल्पावर काम करताना ‘मास स्पेक्ट्रोमीटर’ हे पदार्थविज्ञानाचे साधन त्यांच्या हाती आले. एकाच मूलद्रव्याचे, पण किंचित कमी-अधिक वजनाचे अणू हे यंत्र चुंबकीय क्षेत्रातून वळवून निरनिराळे करते. युद्ध संपल्यावर ते शिकागो विद्यापीठात आले, तेव्हा हॅरिसन ब्राऊन या प्राध्यापकांनी हेच साधन भूगर्भशास्त्राच्या एका जुन्या प्रश्नासाठी वापरण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले.

या कामामागील तत्त्व हिशेबनिसाला सहज उमगावे असे आहे. युरेनियमचे अणू ठरलेल्या गतीने क्षय पावत अखेर शिसे बनतात. युरेनियम-२३८ चा निम्मा साठा सरण्यास सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात, तर युरेनियम-२३५ चा निम्मा साठा सुमारे ७० कोटी वर्षांत सरतो. पहिल्यापासून शिसे-२०६ होते, दुसऱ्यापासून शिसे-२०७. व्याजाचा दर माहीत आहे, आजची शिल्लकही मोजता येते. आरंभीची शिल्लक कळली की खाते केव्हा उघडले ते सांगता येते. ही आरंभीची शिल्लक ॲरिझोनामध्ये कोसळलेल्या ‘कॅन्यन डायाब्लो’ या लोखंडी अशनीत जपून राहिली होती. कारण तिच्यातील एका खनिजात शिसे होते, पण युरेनियम जवळजवळ नव्हतेच.

तथापि हिशेब जुळेना. नमुन्यांत शिसे अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक निघे. पॅटरसन यांनी शोध घेतला, तेव्हा ध्यानात आले की शिसे सर्वत्र आहे : हवेत, पाण्यात, प्रयोगशाळेतील धुळीत, रसायनांत, एवढेच नव्हे तर काम करणाऱ्याच्या केसांतही. मग त्यांनी काचेची भांडी आम्लात उकळली, रसायने पुनःपुन्हा शुद्ध केली, आणि पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे गाळलेल्या हवेची स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली. एवढी वर्षे झाडलोटीत घालविल्यावर १९५३ साली त्यांना विश्वासार्ह मोजमाप मिळाले आणि १९५६ साली त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे वय ४५५ कोटी वर्षे, चूक झालीच तर ७ कोटी वर्षे इकडे-तिकडे. हा आकडा आजही जवळजवळ तसाच मान्य आहे.

येथेच थांबले असते तरी त्यांचे नाव अजरामर झाले असते. परंतु मधल्या काळात पुसून काढलेले ते शिसे त्यांच्या मनातून पुसले गेले नव्हते. ते आले कोठून? त्यांनी समुद्राचे पाणी तपासले. खोल पाण्यापेक्षा वरच्या थरात शिसे पुष्कळ अधिक होते. अर्थात ते अलीकडे वरून पडलेले होते. ग्रीनलंडच्या बर्फाचे थर म्हणजे तर निसर्गाची तारीखवार किर्दच. सहकाऱ्यांसह त्यांनी ती वाचली, तेव्हा प्राचीन थरांच्या तुलनेत १९६५ च्या सुमाराच्या बर्फात शिसे २०० पटींहून अधिक आढळले, आणि १९४० नंतरची वाढ सर्वांत तीव्र होती. इंजिनाची खडखड थांबावी म्हणून १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात होते. तेच धुरावाटे जगभर पसरत होते.

१९६५ साली त्यांनी हे सारे एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले. रॉबर्ट केहो या उद्योगजगताशी निगडित तज्ज्ञांचे म्हणणे होते, की शिसे सर्वांच्याच शरीरात सापडते, म्हणून तेवढे ते निर्धोक मानावे. पॅटरसन यांनी या विचारातील गफलत नेमकी दाखविली. जे सर्वत्र आढळते ते ‘नेहमीचे’ असेल, पण ‘नैसर्गिक’ असेलच असे नाही. सारे गावच आजारी असेल, तर गावाच्या सरासरीवरून आरोग्य ठरविता येत नाही. पुढे पेरू देशातील प्राचीन सांगाड्यांच्या हाडांनी त्यांच्या म्हणण्याला पुष्टी दिली. त्यांत शिसे आजच्या माणसाच्या मानाने अत्यल्प होते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठविते, आणि त्याचा सर्वांत मोठा आघात लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो.

या स्पष्टोक्तीची किंमत त्यांना मोजावी लागली. पेट्रोलियम उद्योगाकडून मिळणारे संशोधनसाहाय्य बंद झाले. १९७१ साली हवेतील शिशाविषयी राष्ट्रीय पातळीवर समिती बसली, तेव्हा या विषयात सर्वांत अचूक मोजणारा हा माणूस तिच्यात नव्हता. पुढे दुसऱ्या समितीत त्यांना स्थान मिळाले. तेथे बहुमताशी न पटल्याने त्यांनी आपला स्वतंत्र अहवाल जोडला. आवाज चढविण्यापेक्षा मोजमाप अधिक शुद्ध करणे, हीच त्यांची वादविवादाची रीत होती.

१९७० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत पेट्रोलमधील शिसे कमी होऊ लागले. पुढील सुमारे १२ वर्षांत तेथील नागरिकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले. भारतात १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. पंपावरील ‘अनलेडेड’ ही पाटी त्या पिढीच्या स्मरणात असेल. २००० सालापासून ते देशभर लागू झाले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी संपूर्ण बंदी १ जानेवारी १९९६ रोजी अमलात आली. पॅटरसन त्याच्या जेमतेम चार आठवडे आधी, ५ डिसेंबर १९९५ रोजी निवर्तले होते. जगातील शेवटच्या देशाने, अल्जीरियाने, २०२१ साली असे पेट्रोल विकणे थांबविले.

पृथ्वीचे वय पाठ्यपुस्तकांत छापले जाते, पण ते शोधणाऱ्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. त्या रकमेखाली त्यांची सही नसली तरी, आज जन्मणाऱ्या मुलाच्या रक्तात जे शिसे नाही, ती त्यांनी मागे ठेवलेली शिल्लक होय.