परसदारचा मांडव

कोंकणांतल्या घराची खरी ओळख ओटीवर होत नाहीं, ती परसांत होते. ओटी ही आल्यागेल्यासाठीं असते. तेथें माणूस अंगांत सदरा घालून आणि चार शब्द जपून बसतो. परसांत घर आपल्या सहज रूपांत असतें. विहिरीचा रहाट, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ, वाळत घातलेले पापड, दुपारीं तांदूळ निवडीत बसलेल्या बायका, हें सारें पाहिल्यावांचून त्या घरची आपली ओळख झाली असें म्हणतां येत नाहीं. कालिदासाचा यक्ष मेघाला आपलें घर ओळखण्याच्या खुणा सांगतो, तेव्हां तो दालनांचें वर्णन करीत बसत नाहीं. हातानें फुलें तोडतां येतील इतका लहान मंदार, पायऱ्यांची वापी, तिच्या कांठचा क्रीडाशैल, माधवीमंडपाजवळचे अशोक आणि बकुल, मोराच्या बसण्याची काठी, यांच्या आठवणींत तो रमतो. दूर गेलेल्या माणसाला घर आठवतें तें असें, घराभोंवतालच्या मोकळ्या जागेसकट.

हें सर्व आठवण्याचें कारण भिवंडी. कामवारी नदीच्या कांठचें हें गांव पूर्वीं भाताच्या आणि इमारती लांकडाच्या व्यापाराचें होतें. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकरांचीं कुटुंबें येथें येऊन वसलीं व हातमागांचा खटका सुरू झाला. पुढें हातमागांची जागा विजेच्या मागांनीं घेतली, आणि आज मागांची संख्या लाखांनीं मोजतात. अलीकडच्या काळांत मुंबई-नाशिक रस्त्याच्या दोहों अंगांस मैलच्या मैल गोदामें उभीं राहिलीं. या भरभराटीनें हजारों घरांच्या चुली पेटल्या, हें कोणीहि नाकारूं नये. परंतु तिची किंमत गांवांतल्या परसांनीं दिली. जुन्या आळ्यांतील घरें पुढून अरुंद आणि मागें लांबच लांब. पुढचा भाग माणसांना ठेवून मागच्या भागावर पत्रे टाकले कीं आठ-दहा मागांची जागा सहज होते. अशा रीतीनें एकेक परस पत्र्याखालीं गेलें. वऱ्हाळा तलावाचा कांठ सोडला तर संध्याकाळीं उघड्यावर टेंकावयास जागा उरली नाहीं, असें जुनीं माणसें म्हणतात.

अशाच एका आळींतील एका घरीं गेल्या दसऱ्याच्या सुमारास मला बोलावणें आलें. घरांतले तिघेहि भाऊ माझे जुने विद्यार्थी. थोरले कोर्टांतील नोकरींतून निवृत्त झालेले, मधल्यांचें गांवांतच लहानसें दुकान, धाकटे पुण्यास. घराच्या खोल्यांची वांटणी पूर्वींच झाली होती. अविभक्त म्हणून जें कांहीं उरलें होतें तें एवढें परस, चाळीस फूट रुंद आणि साठ फूट लांब. सुताच्या गांठी ठेवण्यासाठीं एका व्यापाऱ्यानें तें भाड्यानें मागितलें होतें, आणि भाडें चांगलें होतें. मधल्यांच्या मुलीला वैद्यकीच्या शिक्षणास जागा मिळालेली. तिच्या फीची निकड खरी होती. थोरल्यांच्या मनांत मात्र तेथें बसण्याउठण्याची, पंगतीची नीट जागा करावी असें होतें. दोघांचेंहि म्हणणें रास्त, म्हणून बोलणें अवघड झालें होतें.

त्यांच्या मातोश्री पंच्याऐशींच्या घरांत आहेत. आदल्या वर्षीं नातवाची मुंज भाड्याच्या सभागृहांत झाली. तेथें जेवणें उभ्यानें. बाईंना भिंतीशीं खुर्ची दिलेली. त्या मला म्हणाल्या, "मास्तर, सगळं झकपक होतं. पण कोण जेवलं आणि कोण तसंच गेलं, मला काही कळलं नाही. परस दिलंत तर या घरची पंगत बसायची कुठं?" त्यांनीं याहून अधिक कांहीं सांगितलें नाहीं. वाद दोन दिवस चालला. अखेर रस्त्याकडच्या दोन खोल्या, ज्यांत जुनें सामान आणि घुशी यांखेरीज कांहीं नव्हतें, त्या दुकानासाठीं भाड्यानें द्याव्यात, मुलीचें शिक्षण पुरें होईपर्यंत तें सबंध भाडें मधल्यांस मिळावें, आणि परस तसेंच राखावें, असें ठरलें. भाडें गोदामाइतकें येणार नव्हतें. उणें पडेल तें थोरल्यांनीं व धाकट्यांनीं सारखें भरावें असाहि कागद झाला. मग जागेची आंखणी करण्याचें काम माझ्याकडे आलें. तींत जे विचार पुढें आले, ते इतरांसहि उपयोगी पडतील म्हणून येथें सांगतों.

पहिला विचार उन्हाचा. भिवंडीचें अक्षांश सुमारें १९.३ अंश उत्तर. म्हणून मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य मध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. डिसेंबरांत मात्र तो दक्षिणेकडे इतका कलतो कीं मध्यान्हींहि त्याची उंची ४७ अंशांच्या आसपासच असते. नऊ फूट उंचीच्या मांडवाची सांवली त्या दिवसांत आठ फुटांहून अधिक उत्तरेकडे सरकते. याचा उपयोग करून घेतां येतो. मांडवाच्या दक्षिण कडेला कट्टा बांधला कीं थंडींत वृद्धांना पाठीवर कोंवळें ऊन मिळतें आणि उन्हाळ्यांत तीच जागा सांवलींत येते. खरा त्रास पश्चिमेच्या उन्हाचा. चैत्र-वैशाखांत दुपारीं चारनंतर तें तिरपें आंत शिरतें व छप्पर कितीहि दाट असलें तरी त्याला अडवूं शकत नाहीं. त्या बाजूस बांबूची जाळी उभी करून तीवर कृष्णकमळाचा वेल सोडला.

दुसरा विचार पावसाचा. येथें वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांतच. म्हणून आमच्या पूर्वजांनीं मांडव कायमचा केला नाहीं. दसऱ्यानंतर खांब रोवावे, वर नारळाचे झांप घालावे, आणि मृगापूर्वीं सर्व उतरवून ठेवावें, हीच कोंकणची जुनी रीत. हल्लीं पुष्कळजण लोखंडी सांगाड्यावर पत्रे ठोकून मोकळे होतात. तो पत्रा मेमध्यें डोक्यावर तव्यासारखा तापतो, आणि पावसांत असा वाजतो कीं शेजारीं बसलेल्याचें बोलणें ऐकूं येत नाहीं. आम्हीं दोन भाग केले. घराला लागून दहा फुटांची पडवी मंगळुरी कौलांनीं वाढविली. ती बाराहि महिने उपयोगी. तिच्यापुढें मांडव, लोखंडी नळ्यांच्या खांबांचा. पण खांब जमिनींत पुरलेल्या खोबणींत बसतात व काढतां येतात. वर बांबू आणि झांप. झांप वाळले कीं ठिणगीनेंहि पेटतात, म्हणून चूल अथवा गॅसची शेगडी मांडवाखालीं मुळींच नाहीं. ती पंधरा फूट दूर, विहिरीच्या बाजूस, जवळ भरलेल्या बादल्या ठेवून.

पंगतीचा हिशेब बायकांनीं सांगितला, आणि तो कोणत्याहि पुस्तकांतल्या हिशेबापेक्षां चोख होता. एका माणसास दोन फूट रुंदी. पाट, पान आणि मागें टेंकावयास जागा मिळून चार फूट खोली. समोरासमोर दोन ओळी, मधून वाढणाऱ्यांना चार फुटांची वाट; म्हणजे एकूण बारा फूट. चोवीस फूट लांबींत एका ओळीस बारा, दोन ओळींस चोवीस पानें. ज्यांना मांडी घालवत नाहीं त्यांना वेगळ्या टेबलाशीं नेऊन बसवूं नये, असा मातोश्रींचा आग्रह. म्हणून दक्षिणेचा कट्टा सोळा इंच उंच आणि दीड फूट रुंद घेऊन त्याच्यापुढें उंच चौरंग मांडण्याची सोय केली. गुडघे दुखणारीं माणसें आतां त्याच पंगतींत, त्याच वेळीं जेवतात. स्वयंपाकघराचें मागचें दार मांडवापासून वीस पावलांच्या आंत असावें आणि वाटेंत उंबरठा सोडून एकहि पायरी नसावी, हेंहि त्यांचेंच सांगणें. वरणाचें भांडें हातांत असतां पायरी दिसत नाहीं, हें वाढणारीलाच ठाऊक.

जमिनीसाठीं प्रथम मुरूम घालून चोपून घेतला. त्याला घरापासून दूर उतार दिला, दर सहा फुटांस एक इंच. यापेक्षां कमी दिला तर पाणी सांचतें, फार अधिक दिला तर पाट डगमगतात. वर शहाबादी फरशी, परंतु गुळगुळीत न केलेली, कारण गुळगुळीत दगडावर आषाढांत शेवाळ धरलें कीं पाय घसरलाच. फरशींचे सांधे सिमेंटनें न बुजवितां वाळूनें भरले. त्यामुळें बरेंचसें पाणी जागच्या जागीं मुरतें आणि विहिरीला मिळतें. वृंदावनाभोंवतीं सहा हात जागा मुद्दाम मातीची ठेवली आहे. तेथें सारवण होतें व रांगोळी उमटते. फरशीवरच्या रांगोळीला ती शोभा येत नाहीं. हात धुण्याच्या जागेचें पाणी पाटानें केळींकडे आणि अळवाकडे नेलें.

झाडांच्या बाबतींत उत्साहाला आवर घालावा लागला. परसांत फणस होताच. त्याच्याखालीं कोणी बसूं नये हें सांगावयास नको. शेवगा औषधी खरा, पण त्याची फांदी ठिसूळ आणि अंगावर सुरवंट. तो कुंपणाला ठेवला. मांडवाच्या वायव्येस एक बकुळ लावली. ती सावकाश वाढते. पण तिची सांवली दाट, आणि फुलें खालीं पडलीं तरी वास टिकवून असतात. लावतांना मातोश्री हंसून म्हणाल्या, हिची सांवली मी बघायची नाही, पण लावा. त्या रोपाला आतां रोज सकाळीं त्या स्वतः तांब्याभर पाणी घालतात.

डांसांसाठीं फवारे मारण्यापेक्षां पाणी न सांचूं देणें श्रेष्ठ. उबेच्या दिवसांत अंड्यापासून उडता डांस होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर शनिवारीं कुंड्यांखालच्या थाळ्या, पक्ष्यांचें पाणी आणि जुने डबे उलटे करून कोरडे करावयाचे, हें काम मुलांकडे. विहिरीवर बारीक जाळी बसविली. दिवे पिंवळ्या मंद प्रकाशाचे, आणि तेहि खालच्या उंचीवर. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंख पांढऱ्या झगझगीत दिव्यावर झेंपावतात व पानांत पडतात. शेजारच्या मागांचा आवाज मात्र पूर्णपणें टळत नाहीं. मेंदीच्या कुंपणानें आवाज अडतो ही समजूत खोटी. त्याला उंच, भरीव भिंतच हवी. आपणहि शेजाऱ्यांचे कान जपावे. २००० सालच्या नियमांप्रमाणें रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी आहे; या घरानें तो परसांत आणावयाचाच नाहीं असें ठरविलें. मांडवांतल्या कीर्तनाला झांजेचा आवाज पुरतो.

एक प्रश्न शेवटीं राहिला होता. परसाच्या मागच्या भिंतींत एक लहान दार आहे. पलीकडे एका विणकर कुटुंबाचें घर. पूर्वीं त्या दारानें ताकाची कासंडी आणि फणसाचे गरे जात येत. या गांवानें १९७० व १९८४ सालीं दंगलीचा वणवा पाहिला. दुसऱ्या वेळीं तें दार आंतून खिळे ठोकून बंद झालें, आणि नंतर उघडण्याचें कोणी मनावर घेतलें नाहीं. भांडण नव्हतें, संवय मोडली होती. नव्या आंखणींत कट्टा त्या भिंतीपर्यंत न्यावा, म्हणजे चार माणसें अधिक बसतील, असें धाकट्यांनीं सुचविलें. मधले म्हणाले, "माझं कापड गेली वीस वर्षं त्याच घरून येतं. दारापुढं कट्टा घातला तर ते दार कायमचं गेलं." थोरल्यांनीं आंखलेली दोरी तीन फूट अलीकडे घेतली. खिळे गंजलेले होते. ते काढावयास सुतारास अर्धा तास लागला. कोजागिरीस मसाल्याच्या दुधाचा एक तांब्या त्या दारानें गेला, आणि दुसऱ्या दिवशीं तो रिकामा परत आला नाहीं. शेवयांनीं भरून आला.

माघांत धाकट्यांच्या मुलाची मुंज याच मांडवांत झाली. पंगती चार बसल्या. मातोश्री कट्ट्यावर मधोमध होत्या आणि प्रत्येक पानाकडे पाहून कोणाला काय हवें तें सांगत होत्या. मधल्यांची मुलगी सुट्टी काढून आली होती. भाताचें पातेलें तिच्या हातीं होतें. परस गोदामाला गेलें असतें तर महिन्याची प्राप्ति अधिक झाली असती, हें अजूनहि खरेंच आहे, आणि तिघेहि तें जाणतात. वांटणी झालेल्या घरांत सर्वांचें असें कांहींतरी ठेवावयाचें तर त्याचें मोल कोणाला ना कोणाला द्यावें लागतें; या घरांत तें तिघांनीं मिळून दिलें.

ज्या वाचकांच्या घरामागें अजून दहा हात तरी मोकळी जागा उरली असेल, त्यांनीं ती विकण्यापूर्वीं किंवा तिच्यावर पत्रे टाकण्यापूर्वीं चार बांबू रोवून तेथें एकदां पंगत बसवून पाहावी. उन्हाची, पावसाची व खर्चाची व्यवस्था वर सांगितल्याप्रमाणें यथाशक्ति करतां येते. जागा एकदां गेली म्हणजे मात्र परत मिळत नाहीं.