तारांखालची घाणेरी

आमच्या लहानपणी जुनी माणसं कर्वेनगरला हिंगणेच म्हणायची. १९०० साली अण्णासाहेब कर्व्यांनी आश्रमाची झोपडी बांधली ती इथंच, पुण्याबाहेरच्या उजाड माळावर. आमच्या वाट्याला त्या माळाचं शेपूट आलं, हाय टेन्शनच्या तारांखालची पट्टी. तिथं घर बांधायला बंदी, झाडाला उंच व्हायला बंदी. पावसाळ्याआधी बोर्डाची माणसं कोयते घेऊन यायची, फांद्या छाटून जायची. बोर, तरवड, घाणेरी वाढून वाढून डोक्याएवढी, आणि त्यातच सातभाई, बुलबुल, वटवट्ये यांचे संसार. कोयता चालायचा म्हणून झुडपं टिकायची, हे आम्हाला फार उशिरा उमगलं.

आता तिथं हिरवळ आहे, पेव्हर ब्लॉक आहेत. सकाळी आम्हीच गुडघे सांभाळत फिरतो. आवाजावरून पक्षी ओळखणारं ॲप फोनमध्ये आहे. ते बहुतेक वेळा कबुतर सांगतं. त्यासाठी ॲप कशाला?

अर्थात ती पट्टी म्हणजे काही नंदनवन नव्हतं. पहाटे डबा घेऊन निघालेले तिथंच जायचे, साप तिथूनच निघायचे. आमचं पक्षिप्रेम म्हणाल तर बेचकीनं होले टिपण्याएवढं. नेम चुकायचा, तीच आमची भूतदया. घाणेरीची काळी फळं खाऊन जीभ रंगवायची, दमट हवेत तारा गुणगुणू लागल्या की धूम ठोकायची. आणि परीक्षेच्या दिवशी भारद्वाज दिसल्याशिवाय शाळेची वाट धरायची नाही. तांबूस पंख मिरवत तो झुडपातून सावकाश चालत यायचा, जणू पर्यवेक्षकच. त्याच्या दर्शनानं गणित सुटल्याचं मात्र आठवत नाही. गोड खायला मिळतं म्हणायचे, तेवढं कधीमधी मिळायचं.

आता तारांचे गोडवे गातानाही जीभ अडखळते. राजस्थान-गुजरातेत माळढोक तारांना धडकून मरतात. त्या जमिनीखाली न्या, असं २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. पुण्याच्या टेकड्यांवर तर तारा नसतानाही माळ गेला. उजाड दिसतात म्हणून तिथं उंदीरमारीची झाडं लावली. टेकड्या हिरव्या झाल्या आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

परवा ट्रॅकच्या टोकाला, राडारोड्यामागे उरलेल्या घाणेरीत भारद्वाज दिसला. आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. माझ्या खिशात साखरेचा रिपोर्ट होता.