शेजारणीचें बायबल आणि आमचा रुमाल

आमच्या घराण्याची वंशावळ पुरी करीत राहण्याचें काम, शाळेंतून निवृत्त झाल्यापासून, माझ्याकडे आलें आहे. मूळ पुरुष कोंकण सोडून घाटावर कां आला, हें त्या वहींत लिहिलेलें नाहीं. आठ पिढ्यांचे पुत्रपौत्र मात्र शिस्तीनें एकाखालीं एक उभे आहेत. गेल्या वर्षीं धाकट्या चिरंजीवांकडे ऑस्ट्रेलियांतील ॲडलेड शहरीं तीन महिने राहण्याचा योग आला, तेव्हां ती वही मीं बरोबर नेली. तेथेंच जन्मलेली आमची नात सात वर्षांची आहे. आजोबांनीं तिचें नांव तिच्यादेखत वहींत घालावें, अशी सूनबाईंची इच्छा होती.

नातीला मराठी समजतें, पण बोलतां येत नाहीं. ‘आजोबा’ ही हाक तेवढी स्वच्छ. पुढें सर्व इंग्रजी. तेहतीस वर्षें मुलांकडून शब्द चालवून घेतलेल्या मास्तरला हें सहन होणें कठीण. एके रात्रीं मी चिरंजीवांना नको तितकें बोललों. घरांत दोन माणसें मराठी बोलणारीं असून मुलीच्या जिभेवर मराठी नसावी, हा आळस नव्हे तर काय, असे माझे शब्द होते. ते खालीं मान घालून ऐकत राहिले. मला मात्र झोंप आली नाहीं.

शेजारीं ऐंशीच्या घरांतील एक बाई राहतात. आडनांव जर्मन, बोलणें थेट तिथलें इंग्रजी. जर्मन म्हटलें कीं मला डेक्कन कॉलेजांतील कीलहॉर्नसाहेब आठवतात. त्यांच्या महाभाष्याच्या आवृत्तीवर माझ्या गुरुजींची सारी भिस्त असे. मीं मोठ्या उत्साहानें बाईंना त्यांचें नांव सांगितलें. त्यांनीं तें कधीं ऐकलेलें नव्हतें. त्यांचे पूर्वज विद्वान् नव्हते, प्रशियांतले शेतकरी होते, आणि देवाची प्रार्थना कोणत्या पद्धतीनें करावी एवढ्या एका गोष्टीवरून देश सोडून आले होते.

ती हकीगत त्यांच्याकडून व तेथील ग्रंथालयांतून मला कळली. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम यानें १८१७ सालीं लुथरपंथी व कॅल्व्हिनपंथी मंडळ्या एक करण्याचें ठरविलें, पुढें नवी उपासनापद्धति घालून दिली आणि १८३० नंतर तिची सक्ति आरंभिली. ज्यांना ती मान्य होईना अशा कित्येक धर्मोपदेशकांना तुरुंग पाहावा लागला. क्लेम्झिग नांवाच्या खेड्याचा उपदेशक ऑगस्ट काव्हेल लंडनला गेला व तेथें त्यानें जॉर्ज फाइफ अँगस नांवाच्या धनिकाची गांठ घेतली. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत तेव्हां नुकतीच निघाली होती व तिला कष्टाळू माणसें हवीं होतीं. अँगसनें प्रवासासाठीं कर्ज दिलें. तें धर्मादाय नव्हतें; व्याजासह फेडावयाचें होतें. ‘प्रिन्स जॉर्ज’ जहाजानें पहिली मंडळी १८३८ च्या नोव्हेंबरांत उतरली आणि टॉरेन्स नदीच्या कांठीं तिनें जें खेडें वसविलें त्याला आपल्या गांवाचेंच नांव दिलें, क्लेम्झिग.

बाईंचे पूर्वज ‘झेब्रा’ जहाजानें डिसेंबरच्या अखेरीस आले. वाटेंत कांहीं माणसें दगावलीं. जहाजाचा कप्तान डर्क हान याला या लोकांची इतकी माया लागली कीं, त्यांना उतरवून मोकळें होण्याऐवजीं तो त्यांच्यासाठीं जमीन शोधीत हिंडला. डोंगरांत शंभर एकर मिळाले. त्या गांवाला लोकांनीं हानडॉर्फ, म्हणजे हानचें गांव, असें नांव ठेविलें. तेथून ॲडलेडचा बाजार सुमारें २८ किलोमीटर. बायका भाजी, लोणी, अंडीं घेऊन मध्यरात्रीं निघत व डोंगर उतरून सकाळच्या बाजाराला पायीं पोंचत. येतांना देवळाच्या बांधकामासाठीं प्रत्येकी दोन दोन विटा आणीत असेंही सांगतात. चिरंजीवांनीं मला मोटारीनें त्या गांवीं नेलें. अर्धा तास लागला.

एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटली. ज्याच्या जाचामुळें हे लोक निघाले तो राजा १८४० सालीं वारला, आणि त्याच्या मुलानें सक्ति सैल केली. कारणच उरलें नाहीं. तरी घरें बांधून झालीं होतीं, गहूं उगवला होता. हे लोक परत गेले नाहींत. उलट १८४६ सालीं धर्मवचनाच्या अर्थावरून आपसांतच भांडून त्यांनीं दोन तट केले, आणि त्या फाटाफुटीची सांधजोड व्हावयास १९६६ साल उजाडावें लागलें. हें वाचून मला हसूं आलें. आमच्याकडील पंचांगाचे वाद आठवले.

एके दुपारीं बाईंनीं आपल्या घराण्याचें बायबल दाखविलें. आरंभीच्या कोऱ्या पानांवर जन्म, विवाह, मृत्यु. मुलींचीं नांवें मुलांच्या बरोबरीनें, एकही गाळलेली नाहीं. जुनी जर्मन लिपि, कोनदार अक्षरें, शाई तांबूस झालेली. १९१६ पर्यंत सर्व नोंदी त्याच अक्षरांत. पुढची नोंद एकदम इंग्रजींत. पहिलें महायुद्ध चालू होतें. १९१७ सालीं सरकारनें लुथरपंथीयांच्या ४९ शाळा बंद केल्या व ६९ जर्मन स्थळनांवें बदलण्याचा कायदा केला. क्लेम्झिगचें गाझा झालें, हानडॉर्फचें अँबलसाइड. हीं दोन नांवें १९३५ सालीं परत मिळालीं. बाईंच्या घरांतली भाषा परत आली नाहीं. “आजी स्वयंपाकघरांत जर्मन बोलायची आणि दाराची कडी वाजली कीं गप्प व्हायची,” बाई म्हणाल्या. पणजीनें आपल्या मेलेल्या मुलाविषयीं त्या पानावर चार ओळी लिहिल्या आहेत. त्या काय आहेत हें बाईंना वाचतां येत नाहीं.

आणि मूळचें क्लेम्झिग? १९४५ नंतर तो मुलूख पोलंडकडे गेला, तेथील जर्मनांना बाहेर पडावें लागलें, गांवाचें नांव आतां क्लेंप्स्क आहे. क्लेम्झिग हें नांव आज ऑस्ट्रेलियांत, ॲडलेडच्या एका उपनगराला आहे.

“तुमच्याकडे असें कांहीं जपलेलें आहे का?” बाईंनीं विचारलें. मीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, वंशावळ आहे, शिवाय ट्रंकेंत एक रुमाल आहे, पणजोबांच्या वेळच्या कागदांचा. “त्यांत काय लिहिलें आहे?” मी थांबलों. ते कागद मोडींत आहेत. आजोबा मोडी लिहीत. वडील अडखळत वाचीत. मला एक ओळ येत नाहीं. माझ्या शाळा कोणी बंद केल्या नव्हत्या, माझ्या घराची कडी कोणा शिपायानें वाजविली नव्हती. वडील कित्येकदां म्हणाले होते, “बस, दाखवितों.” मला क्रिकेट होतें, मग परीक्षा, मग नोकरी. बाईंना मीं एवढेंच सांगितलें कीं, मला वाचतां येत नाहीं. त्यांनीं मान हलविली व चहा पुढें केला.

त्या रात्रीं चिरंजीवांशीं मी पुन्हा बोललों. काय बोललों तें येथें लिहीत नाहीं. बापानें मुलाजवळ चूक कबूल करण्याची आमच्या घरांत वहिवाट नाहीं, त्यामुळें तें फारसें सुबकपणें झालें नसावें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं वही उघडली. मुलगी लिहावयाला वहींत घरच नव्हतें. सारीं घरें पुत्रांचीं. मीं पट्टीनें नवी रेघ ओढली. नात म्हणाली, मी लिहिणार. आईनें कागदावर काढून दिलेलें पाहून तिनें आपलें नांव देवनागरींत लिहिलें. शिरोरेघ शेवटीं, उजवीकडून डावीकडे ओढली. तिच्या वर मीं तिच्या दोन आत्यांचीं नांवें घातलीं, त्यांच्या वर माझ्या बहिणीचें. माझ्या चार आत्यांपैकीं तिघींचीं माहेरचीं नांवें मला ठाऊक होतीं. चौथीचें विचारावयाला आतां कोणी उरलेलें नाहीं.

परत आल्यावर ट्रंकेंतला रुमाल सोडला आहे. मोडी जाणणारे एक गृहस्थ शनिवारीं दुपारीं येतात व मला बाराखडीपासून शिकवितात. माझें अक्षर नातीच्या अक्षराहून बरें नाहीं. पहिला कागद लागला. पणजोबांनीं घाटावर बिऱ्हाड करतांना एका सावकाराकडून चाळीस रुपये घेतले होते. ते फेडले कीं नाहीं, हें बहुधा दुसऱ्या कागदांत असावें. तो पुढच्या शनिवारीं वाचावयाचा आहे.