वेष, नांव आणि विषाद

मनुष्याला नांवें ठेवण्याची हौस फार जुनी आहे. बारशाच्या दिवशीं आपण मुलाचें नांव ठेवतों आणि पुढें जन्मभर लोक त्याला नांवें ठेवतात. क्रियापद एकच, बुद्धि मात्र निराळी. ३५ वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या काळांत 'घुम्या', 'रडतराऊत', 'एकलकोंडा' हीं बिरुदें वर्गांतून इतक्या वेळां ऐकलीं कीं, हजेरीपटावर तींच लिहिलेलीं असतीं तरी आम्हांला नवल वाटलें नसतें. अशा नांवाचा एक गुण आहे. तें एकदां चिकटलें कीं त्या मुलाकडे पुन्हां पाहण्याचे श्रम वांचतात.

हल्लींच्या तरुणांत ह्या देशी बिरुदांच्या जोडीला विलायती बिरुदें आलीं आहेत. त्यांपैकीं 'गॉथ' आणि 'इमो' हीं दोन वडील माणसांना फार भिववितात, म्हणून त्यांची कुळकथा सांगतों. गॉथ हे मूळचे जर्मन वंशाचे लोक, इ. स. ४१० मध्यें त्यांच्या एका शाखेनें रोम लुटलें. पुढें त्यांचें नांव उंच कमानींच्या मध्ययुगीन देवालयांना मिळालें, मग पडक्या गढ्या आणि पिशाच्चें यांच्या कादंबऱ्यांना, आणि १९८० च्या सुमारास इंग्लंडांतील एका उदास सुरांच्या संगीताला व तें ऐकणाऱ्या तरुणांना. १९८२ सालीं लंडनमध्यें 'बॅटकेव्ह' नांवाचा त्यांचा अड्डा निघाला. काळा पोषाख, पांढरा केलेला चेहरा, डोळ्यांभोंवतीं काजळाचीं वर्तुळें असा त्यांचा थाट. तेव्हां अठरा वर्षांचे असलेले ते तरुण आज साठी ओलांडून आमच्या पंक्तीला येऊन बसले आहेत!

'इमो' हा शब्द 'भावनाप्रधान' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तुकडा आहे. १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन शहरांत 'राइट्स ऑफ स्प्रिंग' इत्यादि वाद्यवृंदांनीं दणदणाटी संगीतांत स्वतःच्या अंतःकरणाचे बोल आणले, तेव्हां त्याला हें नांव पडलें. ज्यांना तें पडलें त्यांना तें मुळींच रुचलें नाहीं. पंधरावीस वर्षांनीं तो शब्द डोळ्यांवर केस आणि अंगांत घट्ट काळी विजार असलेल्या कोणत्याहि मुलामुलीला लागूं झाला, आणि त्याच्या मागें 'रडके', 'दुबळे', 'जिवावर उदार' अशीं शेपटेंहि जोडलीं गेलीं.

नांवें ठेवणें ही निरुपद्रवी करमणूक आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं सोफी लँकेस्टर हिची हकीकत ऐकावी. २० वर्षांची ही इंग्रज मुलगी गॉथ वेषांत राही. ११ ऑगस्ट २००७ रोजीं मध्यरात्रीनंतर लँकेशायरमधील बेकप गांवच्या बागेंत पोरांच्या टोळीनें तिच्या मित्राला लाथांनीं तुडविलें. तिनें त्याचें डोकें मांडीवर घेऊन त्याला आड केलें, तेव्हां ते तिच्यावर तुटून पडले. मित्र वांचला, ती २४ ऑगस्टला गेली. पूर्वीचें वैर नव्हतें. वेष निराळा एवढाच अपराध. तिच्या आईनें, सिल्व्हिया लँकेस्टर यांनीं, मुलीच्या नांवें संस्था काढली आणि शाळाशाळांतून हा विषय मुलांपुढें मांडला. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टरचे पोलीस अशा हल्ल्यांची नोंद द्वेषमूलक गुन्हे म्हणून करूं लागले. मार्च २००८ मध्यें मेक्सिकोंतील केरेतारो शहराच्या चौकांत तर शेंकडों तरुण जमले व त्यांनीं इमो मुलांना शोधून शोधून मारलें.

मग ह्या नांवांत तथ्य मुळींच नाहीं काय? न्यायानें बोलावयाचें तर तसेंहि म्हणतां येत नाहीं. ब्रिस्टल परिसरांतील ३६९४ मुलांना पंधराव्या वर्षीं 'तुम्ही स्वतःला कोणत्या गटांतले समजतां' असें विचारून पुढें अठराव्या वर्षीं त्यांची तपासणी झाली. स्वतःला पक्के गॉथ समजणाऱ्यांत विषादाचा रोग इतरांच्या सुमारें तिप्पट आढळला. हा अहवाल २०१५ सालचा. परंतु काळ्या कपड्यांनीं रोग जडतो असें संशोधकांनीं म्हटलेलें नाहीं. मुळांतच खिन्न आणि एकाकी असलेलीं मुलें आपल्यासारखीं माणसें भेटतील म्हणून त्या गटाकडे जात असावींत, असा संभव त्यांनीं दाखविला. थंडी वाजणारा शेकोटीपाशीं जातो. शेकोटीनें थंडी आणली असें कोणी म्हणत नाहीं. शिवाय त्या पक्क्या गॉथांतहि बहुसंख्य निरोगीच होते.

आमच्या एकत्र कुटुंबांत हा विषय २०११ सालीं आला. पुतण्याची मुलगी तेव्हां सोळा वर्षांची. काळा सदरा, एका डोळ्यावर केस, कानांत सदैव गाणें. घरींदारीं तिला 'इमो' म्हणूं लागले. हिच्या मनाचें कांहीं तरी बिनसलें आहे ह्याविषयीं थोरल्या वहिनींना शंका उरली नाहीं. आतां वहिनी स्वतः संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून हळदीकुंकवाला बसत, आणि तो वेष मंगल! पोरीनें एकदां हें बोलूनहि दाखविलें. उत्तर मिळालें, 'वर्षांतून एक दिवस, बाई; बारा महिने नव्हे.'

तिचा भाऊ तिच्याहून तीन वर्षांनीं मोठा. पांढरा सदरा, चापून बसविलेले केस, अभियांत्रिकीचें दुसरें वर्ष, वडिलांपुढें 'हो' खेरीज शब्द नाहीं. त्याच्याविषयीं कोणाला कसली काळजी वाटावी? तो पहांटे तीन वाजतां जागा असे, तें अभ्यासासाठीं. ताटांत अन्न टाकी, तें बाहेरच्या खाण्यामुळें. आवडता तबला त्यानें गुंडाळून ठेवला, तो परीक्षेमुळें. प्रत्येक लक्षणाला एक प्रतिष्ठित कारण घरांत तयार होतें. ओळखलें तें बहिणीनें. एके रात्रीं ती आमच्या खोलींत येऊन म्हणाली, 'आजोबा, दादा हल्लीं आपण नसलों तर काय होईल, असें काहीबाही बोलतो. तो रडत नाहीं, ह्याचीच मला भीति वाटते. तुम्ही बाबांशीं बोला.'

आम्ही बोललों. मग जें ऐकावें लागलें तें वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें असेल. 'त्याला कमी काय आहे?' 'आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं.' 'बाहेर कळलें तर उद्यां पोरीच्या लग्नाचें काय?' आणि शेवटीं, 'त्याला गीता वाचायला सांगा.' ह्या शेवटच्या सल्ल्यावर मात्र आमच्या धंद्यामुळें आम्हांला तोंड उघडणें भाग पडलें.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचें नांवच अर्जुनविषादयोग. गात्रें गळतात, तोंडाला कोरड पडते, हातांतलें गांडीव निसटतें, उभें राहवत नाहीं. पहिल्या प्रतीच्या योद्ध्याची ही स्थिति व्यासांनीं लपविलेली नाहीं. भगवंतांनींहि आरंभीं त्याची कानउघाडणी केली, तीहि क्लीबपणाचें नांव ठेवून. ती अवघी दोन श्लोकांची आहे आणि तिचा परिणाम शून्य. अर्जुन 'मी लढणार नाहीं' म्हणून गप्प बसतो. खरें बोलणें त्यानंतर सुरू होतें तें अठराव्या अध्यायापर्यंत चालतें, आणि मधून मधून अर्जुनाला विचारूं दिलेलें आहे. आपल्या घरांतील उपदेश बहुधा त्या दोन श्लोकांपाशींच थांबतो. अर्जुनाला आम्ही रोगी ठरवीत नाहीं. त्याच्या दुःखाचें कारण समोर शस्त्रें घेऊन उभें होतें. ह्या रोगांत पुष्कळदां बोट दाखवावें असें कारणच नसतें, म्हणून तर 'तुला कमी काय' हा प्रश्न व्यर्थ. आणि हें खूळ विलायतेहून आलें म्हणणाऱ्यांनीं चरकसंहिता उघडावी. रोग वाढविणाऱ्या गोष्टींत तिनें विषादालाच अग्रस्थान दिलें आहे.

मुलाला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलें. त्यांनीं सांगितलें तें साधें होतें. दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ, मन खिन्न असणें किंवा कशांतच गोडी न वाटणें, त्याबरोबर झोंप, भूक, शक्ति व एकाग्रता ढळणें आणि आपण निरुपयोगी आहों असें वाटणें, हा रोग आहे, स्वभाव नव्हे. औषधाचा गुण दिसावयाला कांहीं आठवडे लागतात, आणि बरें वाटूं लागतांच तें आपल्या मनानें सोडूं नये. मरणाविषयीं स्पष्ट विचारल्यानें ती कल्पना मुलाच्या डोक्यांत भरते ही समजूत खोटी, विचारलेंच पाहिजे. वहिनींनीं दृष्ट काढली. डॉक्टरांनीं हरकत घेतली नाहीं, आम्हींहि घेतली नाहीं. एक सत्र बुडालें. लोकांनीं विचारलें तेव्हां पुतण्या 'आजारी होता' इतकेंच सांगे; कोणता आजार तें उच्चारावयाला त्याला आणखी दोन वर्षें लागलीं.

तेव्हां कोणाला विचारावें हेंहि ठाऊक नव्हतें. २०२२ पासून सरकारची 'टेली मानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर आहे, आणि तेथें मराठींतूनहि बोलतां येतें.

तो मुलगा आतां नोकरी करतो. तबला पूर्वीसारखा बसत नाहीं म्हणतो, पण रविवारीं सकाळीं माडीवरून ठेका ऐकूं येतो. बहीण अजून काळेंच वापरते. तिला कोणी 'इमो' म्हटलें तर ती अजूनहि रागावते. मात्र कारण निराळेंच. तिच्या मतें, ती ऐकते तें संगीत त्या वर्गांत मोडतच नाहीं, आणि म्हणणाऱ्याला त्यांतलें कांहीं कळत नाहीं.