वर्गातील जिज्ञासा

घरी दिवसभर प्रश्न विचारून वडील माणसांस भंडावून सोडणारे मूल शाळेत जाऊ लागले की दोन-चार वर्षांत गप्प होते. जिज्ञासा वयाबरोबर आपोआप ओसरते, अशी मनाची समजूत घालणे सोयीचे खरे; परंतु वर्गात काढलेल्या वर्षांनी आम्हांस निराळेच शिकविले आहे.

आम्ही चौथीस चंद्राच्या कला शिकवीत होतो. एका मुलीने विचारले, “चंद्र रात्री उगवतो, तर आज सकाळी शाळेत येताना तो मावळतीकडे कसा दिसला?” सारा वर्ग हसला आणि तिने मान खाली घातली. हसणाऱ्यांपैकी एकानेही त्या सकाळी आकाशाकडे पाहिले नव्हते. आम्ही उत्तर दिले नाही. चंद्र केव्हा व कोठे दिसतो ते सर्वांनी महिनाभर वहीत टिपावे, एवढेच सांगितले. शुक्ल पक्षात रोज त्याच वेळी पाहिलेला चंद्र पूर्वेकडे सरकलेला दिसे. तो दररोज सरासरीने सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणूनच पौर्णिमेनंतर सकाळी पश्चिमेस आणि शुक्ल अष्टमीस दुपारी पूर्वेस दिसतो, ही संगती मग मुलांस सहज लागली. त्या मुलीस पुन्हा कोणी हसले नाही.

यावर शिक्षकबंधू विचारतील की, असे करीत बसल्यास अभ्यासक्रम पुरा कसा व्हावा? प्रश्न रास्त आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील २४ वे कलम अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पुरा करण्याचे कर्तव्य शिक्षकावर घालते. २९ वे कलम मुलाने स्वतः शोध घेऊन शिकावे व निर्भयपणे बोलावे अशी अपेक्षा बाळगते. या दोन कलमांमधून रोज वाट काढावी लागते ती एकट्या शिक्षकालाच. आणि तपासणीस येणारा अधिकारी किंवा चौकशीस येणारा पालक सहसा पहिल्याच कलमाचा हिशेब मागतो.

चंद्रापायी आमच्याही काही तासिका खर्ची पडल्या व पुढील पाठ घाईने उरकावा लागला, हे सांगितलेच पाहिजे. परंतु घाईने उरकलेला पाठ पुस्तकात शाबूत असतो, तो पुन्हा वाचता येतो. हशाखाली दडपलेला प्रश्न मात्र कोठेच लिहून ठेवलेला नसतो.